आउटर हेब्रिडीज: २६ हजार माणसांना स्वतंत्र कौन्सिल कशाला?

खारेवारे
मंडळी, नोकरीमुळे सध्या स्टॉर्नोवेला मुक्काम आहे. स्टॉर्नोवे म्हणजे लुईस बेटावरचं बंदर, आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांमधलं शहर म्हणावं असं एकमेव ठिकाण. मुख्य भूमीवरच्या उलापूलहून फेरीने अडीचेक तास, मधे मिंच नावाचा समुद्र, तो कधी प्रेमळ तर कधी अजिबात नाही.

इथे आल्यापासून एक विषय डोक्यात घोळतोय. स्कॉटलंडमध्ये एकूण ३२ कौन्सिलं आहेत. ग्लासगोच्या कौन्सिलखाली सहा लाखांवर लोक येतात, आणि इथे उत्तरेच्या बट ऑफ लुईसपासून दक्षिणेला बॅरा-व्हॅटरसेपर्यंत दोनशे किलोमीटर लांबीची बेटांची रांग, त्यात जेमतेम २६ हजार माणसं, आणि तरी त्यांचं स्वतःचं पूर्ण अधिकारांचं कौन्सिल. शाळा, रस्ते, म्हाताऱ्यांची देखभाल, कचरा, बांधकाम परवाने, छोटे धक्के, सगळं तेच बघतं. २९ निवडून आलेले सदस्य, त्यातले बरेच कुठल्याच पक्षाचे नाहीत. नावही फक्त गेलिक (इथली जुनी भाषा), 'कोअर्ले नान एलान शियर', १९९७ पासून अधिकृत.

ऑफिसातला एक ग्लासगोवाला सहकारी परवा म्हणाला की हे सगळं हायलँड कौन्सिलमध्ये (समोरच्या मुख्य भूमीचं, कचेरी इन्व्हर्नेसला) विलीन करा, पैसे वाचतील. मला ते अजिबात पटलं नाही. माझं मत सरळ आहे, हे कौन्सिल नसतं तर ही बेटं आज याहून कितीतरी ओस पडली असती. तुम्हाला काय वाटतं? इथे कोणी राहिलंय का, फिरून गेलंय का?

चिकू
वाचतेय. प्रचि (प्रकाशचित्रं) टाका की!

बाबुराव७२
खारेवारे, विषय आवडला. मी जिल्हा परिषदेत नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे हात शिवशिवले.

तुमच्या सहकाऱ्याचा मुद्दा एकदम मोडीत काढू नका. २६ हजार लोकसंख्या म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेचा जेमतेम एक गट. एवढ्यासाठी वेगळा शिक्षण विभाग, वेगळा वित्त विभाग, वेगळे इंजिनियर, खर्च माणशी किती पडत असेल? तो कोण देतो? स्थानिक करातून तर निघत नसणार.

मंदार_इन्व्हर्नेस
बाबुराव, नाहीच निघत. घरांवरचा कौन्सिल टॅक्स हा उत्पन्नाचा छोटा भाग असतो, मोठा वाटा एडिनबराच्या स्कॉटिश सरकारच्या अनुदानाचा. ते सगळ्याच कौन्सिलांचं असतं, बेटांचं जास्त.

पण 'विलीन करा' म्हणणाऱ्यांनी आधी इतिहास बघावा, कारण ही बेटं आधी विलीनच होती आणि तीही दोन तुकड्यांत. १९७५ पर्यंत लुईस 'रॉस अँड क्रोमार्टी' काउंटीत आणि हॅरिस, दोन्ही यूइस्ट, बेनबेक्युला, बॅरा हे सगळे 'इन्व्हर्नेसशायर'मध्ये. गंमत बघा, लुईस आणि हॅरिस ही दोन वेगळी बेटं नाहीतच, एकच जमीन आहे, मधे डोंगर आहेत (क्लिशम ७९९ मीटर, तिथला सगळ्यात उंच), आणि त्या डोंगरांच्या आसपास काउंटीची हद्द. म्हणजे एकाच बेटावरची माणसं आपापल्या कामाला समुद्र ओलांडून दोन वेगवेगळ्या गावांच्या कचेऱ्यांवर अवलंबून. १९७३ चा स्थानिक कारभाराचा कायदा आला, १९७५ ला तो लागू झाला आणि सगळी रांग पहिल्यांदा एका छताखाली आली. त्या वेळी बाकी स्कॉटलंडला रीजन आणि डिस्ट्रिक्ट असे दोन थर दिले होते, फक्त ऑर्कनी, शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स (म्हणजे हीच आउटर हेब्रिडीज) या तिघांना एकच थर. बाकीच्यांना तो १९९६ मध्ये मिळाला. म्हणजे या बाबतीत बेटं २१ वर्षं पुढे होती.

अनुराधा_ग्लासगो
मंदारच्या मुद्द्याला जोडून. साउथ यूइस्टची एक आजी माझ्या ओळखीची आहे, ती अकरा-बारा वर्षांची असताना माध्यमिक शाळेसाठी फोर्ट विल्यमला होस्टेलवर गेली. बेटावर पुढचं शिक्षण नव्हतंच. तिचे भाऊबहीण कोणी इन्व्हर्नेसला, कोणी स्कायवरच्या पोर्ट्रीला. गेलेली मुलं बहुतेक परत आलीच नाहीत, शिकली ती ग्लासगो नाहीतर कॅनडा. नव्या कौन्सिलने बेनबेक्युलाला लिओनाक्लेटची मोठी शाळा बांधली, १९८८ ला सुरू झाली, वाचनालय, पोहण्याचा तलाव, म्युझियमची खोली सगळं एकाच इमारतीत, गावानेही वापरायचं. आजीची नात तिथे शिकली, रोज संध्याकाळी घरी. आता तिथेच नर्स आहे.

इन्व्हर्नेसच्या काउंटीला ही शाळा कधी सुचलीच नाही, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे.

बाबुराव७२
अनुराधाताई, हे उदाहरण वजनदार आहे. शाळेचा मुद्दा मान्य. पण पैसे सांभाळायची अक्कल? लहान संस्थेत तज्ज्ञ माणसं मिळत नाहीत असा माझा अनुभव.

जुनीवही
बाबुराव, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. या कौन्सिलच्या इतिहासातलं सगळ्यात काळं पान म्हणजे जुलै १९९१. बीसीसीआय नावाची आंतरराष्ट्रीय बँक आठवते? आगा हसन आबेदींनी काढलेली. मुंबईतही तिची शाखा होती, बँक बुडाल्यावर ती पुढे स्टेट बँकेच्या पंखाखाली गेली. त्या बँकेत या चिमुकल्या कौन्सिलचे २ कोटी ३० लाख पौंडांहून जास्त अडकले. नुसती शिल्लक नव्हे, स्वस्तात कर्ज काढून जास्त व्याजाने तिथे ठेवायचा उद्योगही त्यात होता. बँकेला टाळं लागलं आणि तीसेक हजार लोकांच्या कौन्सिलवर आभाळ कोसळलं. वित्त विभागाच्या प्रमुखाची नोकरी गेली, पदाधिकाऱ्यांना पायउतार व्हावं लागलं. पुढे लिक्विडेशनमधून बराचसा पैसा हळूहळू परत आला, पण त्यात वर्षं गेली.

तरी एक लक्षात घ्या, त्या बँकेत पैसे ठेवणारे मोठेमोठे होते. लहान असणं हा तिथे गुन्हा नव्हता, एकाच टोपलीत सगळं ठेवणं हा होता.

शेवंती
बाप रे! बीसीसीआय आणि हेब्रिडीज, हे ठाऊकच नव्हतं.

चिकू
प्रचि राहिलेच. 🙂 बॅराच्या विमानतळाबद्दल कोणी लिहा ना, विमान खरंच समुद्रकिनाऱ्यावर उतरतं का?

अनुराधा_ग्लासगो
चिकू, खरंच उतरतं, मी गेलेय. ट्राइ व्होर नावाची पुळण आहे, मोठी, पांढरी, घट्ट वाळूची. धावपट्टीच्या टोकांना नुसते लाकडी खांब रोवलेत, भरतीला सगळं पाण्याखाली जातं, म्हणून वेळापत्रक ओहोटी बघून ठरतं. ग्लासगोहून छोटं ट्विन ऑटर विमान येतं. उतरताना चाकांखालून पाण्याचे फवारे उडतात, दारातून शिडीने थेट ओल्या वाळूवर पाय. एरवी त्याच पुळणीवर लोक शिंपल्या वेचत असतात. फलक लावलाय, वाऱ्याचा कापडी नळा वर असेल तेव्हा किनाऱ्यावर येऊ नका. माझी बॅग ट्रॅक्टर ओढत असतो तशा एका ट्रॉलीवरून आली, आणि ती एका बसथांब्यासारख्या शेडमधून उचलायची. मुलांनी तर परत जायलाच नकार दिला होता.

जुनीवही
विषय निघालाच आहे तर मुंबईशी असलेलं खरं नातं सांगतो, ते बँकेपेक्षा जुनं आणि खोल आहे. स्टॉर्नोवेच्या बंदरासमोर लुईस कॅसल दिसतो ना खारेवारे, तो बांधला सर जेम्स मॅथेसनने. 'जार्डिन मॅथेसन'मधला मॅथेसन. त्याने १८४४ मध्ये अख्खं लुईस बेट विकत घेतलं. पैसा आला कुठून? चीनला अफू विकून. आणि त्या अफूचा मोठा हिस्सा माळव्याची अफू, मुंबई बंदरातून जाणारी. मुंबईत या कंपनीचे सगळ्यात मोठे भागीदार सर जमशेटजी जीजीभॉय. म्हणजे त्या व्यापाराच्या एका टोकाला भायखळ्याचं जे.जे. रुग्णालय उभं राहिलं आणि दुसऱ्या टोकाला अटलांटिकच्या तोंडावर एक किल्लेवजा वाडा.

मॅथेसनने १८४६ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात धान्य वाटलं हे खरं आहे. आणि लगेच १८५० च्या दशकात दोन हजारांवर लोकांना बोटीचं भाडं देऊन कॅनडाला पाठवलं हेही खरं. 'पाठवलं' म्हणजे ज्यांचं जमिनीचं भाडं थकलं होतं त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवला नव्हता. १८७४ मध्ये लुईसजवळच्या बर्नेरा बेटावरच्या शेतकऱ्यांनी त्याच्या कारभाऱ्याविरुद्ध उठाव केला, खटला चालला आणि शेतकरी सुटले. हायलँडमध्ये कुळं कोर्टात जिंकली असं तोवर फारसं कोणी ऐकलं नव्हतं.

खारेवारे
जुनीवही, हे वाचून अंगावर काटा आला. रोज त्या कॅसलच्या बागेतून चालत जातो. आता तिथे बेटांचं म्युझियम आहे, त्यात लुईसच्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांपैकी सहा ठेवल्यात. १८३१ च्या सुमारास उइगच्या वाळूत सापडल्या त्या, वॉलरसच्या दातातून कोरलेल्या, बहुतेक बाराव्या शतकातल्या. राणी गालावर हात ठेवून चिंतेत बसलीय, आणि हत्तीच्या जागी असलेला एक शिपाई ढालीची कड दाताने चावतोय! बाकीच्या बहुतेक लंडनला आणि काही एडिनबराला. तेव्हा ही बेटं नॉर्वेच्या राजाकडे होती, १२६६ च्या तहात स्कॉटलंडला मिळाली.

मंदार_इन्व्हर्नेस
आणि बर्नेरासारख्या त्या उठावांमुळे १८८३ ला नेपियर कमिशन नेमलं गेलं. त्याचा अध्यक्ष लॉर्ड नेपियर म्हणजे आधीचा मद्रासचा गव्हर्नर, १८७२ मध्ये लॉर्ड मेयोच्या खुनानंतर काही महिने हंगामी व्हाइसरॉय सुद्धा. कमिशन गावोगाव फिरलं, गेलिक बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या जबान्या दुभाष्यामार्फत घेतल्या. त्यातून १८८६ चा क्रॉफ्टर कायदा आला: जमिनीवरून हुसकता येणार नाही, भाडं न्यायाने ठरेल, जमीन वारसाला जाईल, केलेल्या सुधारणांची भरपाई मिळेल.

बाबुराव७२
म्हणजे आमच्या कूळकायद्याचा थोरला भाऊच की. फरक एवढाच की आपल्याकडे कसेल त्याची जमीन झाली, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन.

मंदार_इन्व्हर्नेस
बरोबर, इथे १८८६ ला मालकी नाही दिली, फक्त कसण्याचा हक्क पक्का केला. क्रॉफ्ट विकत घ्यायचा हक्क थेट १९७६ ला आला, आणि तरी कित्येकांनी घेतला नाही, कारण भाडं नाममात्र आणि कूळ म्हणून मिळणारं संरक्षण भक्कम.

शेवंती
एक प्रश्न, क्रॉफ्ट म्हणजे नक्की किती जमीन? त्यावर पोट भरतं?

खारेवारे
शेवंती, काही एकर फक्त, शिवाय गावाची सामाईक चरण. पोट पूर्वीही नुसत्या त्यावर भरत नव्हतं, म्हणून मासेमारी, विणकाम, बोटीवरची नोकरी. आजही माझा शेजारी सकाळी कौन्सिलची स्कूलबस चालवतो, दुपारी मेंढ्या, आणि संध्याकाळी शेडमध्ये माग. हॅरिस ट्वीड! १९९३ च्या कायद्याने बांधलंय की लोकर इथेच रंगवायची आणि कातायची, विणायची मात्र बेटावरच्या माणसाने स्वतःच्या घरी, हाताने. विजेचा माग चालत नाही, पायाने पेडल मारायचे. त्याच्या शेडमध्ये उभं राहिलं की लोकरीच्या तेलाचा वास आणि खटाखट आवाज, बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. वर कापडावर गोलावर क्रॉस असलेला शिक्का पडल्याशिवाय त्याला हॅरिस ट्वीड म्हणता येत नाही.

मी मागे पीट (दलदलीतली जळाऊ माती) काढायलाही गेलो होतो त्याच्याबरोबर. लांब दांड्याच्या खास कुदळीने ओल्या दलदलीतून काळ्या विटा कापायच्या, एकाने कापायचं, दुसऱ्याने फेकायचं. उन्हाळाभर वाळल्या की चुलीत. पाठ मोडते पण दुपारी तिथेच चहा आणि स्कोन, सगळं गाव जमलेलं.

सुबोध_पुणे
मॅथेसननंतर बेट कोणाकडे गेलं?

जुनीवही
सुबोध, पुढचा मालक तुमच्या न्हाणीघरातला आहे. १९१८ मध्ये लुईस घेतलं लॉर्ड लिव्हरह्यूमने, सनलाइट साबणवाला. पुढच्या वर्षी हॅरिसही. त्याच्या कंपनीने नंतर १९३३-३४ मध्ये शिवडीला साबणाचा कारखाना टाकला, तीच आपली हिंदुस्तान लिव्हर. या माणसाला इथे मासेमारीचा प्रचंड उद्योग उभारायचा होता, कॅनिंग, बर्फ, जहाजं, इंग्लंडभर माशांची दुकानं. हॅरिसमधल्या ऑब गावाचं नावच लिव्हरबर्ग करून टाकलं.

पण लोकांना जमीन हवी होती. आणि त्यामागे एक भयंकर जखम होती. १ जानेवारी १९१९, पहाटे, महायुद्ध संपवून घरी परतणाऱ्या खलाशांची 'आयोलेअर' बोट स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटली. दोनशेच्या वर माणसं गेली, घराचे दिवे दिसत असताना. जे वाचले, जे आधीच परतले होते, त्यांना युद्धात जाताना जमिनीचं वचन मिळालं होतं. त्यांनी ग्रेस आणि कोलच्या शेतांत घुसून जमिनी आखून घेतल्या. लिव्हरह्यूम म्हणे, कारखान्यात या, पगार घ्या. ते म्हणाले, जमीन द्या. शेवटी १९२३ मध्ये त्याने लुईस सोडलं आणि जाताना बेट लोकांनाच देऊ केलं. फक्त स्टॉर्नोवे परिसराने ते स्वीकारलं. त्याचा 'स्टॉर्नोवे ट्रस्ट' झाला, विश्वस्त लोकांनी मतदानाने निवडायचे. आज शंभर वर्षं झाली, चालू आहे.

अनुराधा_ग्लासगो
जुनीवही, आयोलेअरबद्दल एक. त्या आजीच्या पिढीपर्यंत लोक याबद्दल घरातसुद्धा बोलत नसत. लुईसमध्ये जवळपास प्रत्येक गावातून कोणी ना कोणी गेलं होतं, आणि त्यानंतर तरुण बोटी भरभरून कॅनडाला गेले. १९११ च्या सुमारास या बेटांत ४६ हजार माणसं होती.

सुबोध_पुणे
४६ चे २६. मग खारेवारे, कौन्सिलने बेटं वाचवली असं कसं म्हणता? गळती तर चालूच आहे.

शेवंती
सुबोध +१. शिवाय रविवारी सगळं बंद असतं म्हणे? तरुण पोरं का थांबतील?

खारेवारे
शेवंती, उत्तरेत फ्री चर्चचा पगडा मोठा, त्यामुळे रविवार खरंच शांत. स्टॉर्नोवेची रविवारची विमानं २००२ ला, फेरी जुलै २००९ ला सुरू झाली, दोन्ही वेळा विरोधही झाला आणि स्वागतही. साउथ यूइस्ट आणि बॅरा कॅथलिक, तिथे असं काही नाही. एकाच कौन्सिलच्या सभेत ही दोन्ही मंडळी बसतात. मला रविवारची सवय झालीय, आवडतोही. तरुण जातात ते घर आणि नोकरी नसल्यामुळे. जुनी घरं बाहेरचे लोक सुट्टीसाठी घेतात, किमती चढतात, नवरा-बायको दोघं कमावते असूनही घर मिळत नाही, ही खरी दुखरी नस.

सुबोध, गळती थांबली असं मी म्हणतच नाही. व्हॅटरसेचं बघा. तिथली वस्ती संपतच आली होती, १९९१ ला बॅराला जोडणारा बांध झाला आणि माणसं टिकली. मग स्कॅल्पेचा पूल १९९७, बर्नरेचा बांध १९९९, एरिस्केचा २००१. या प्रत्येकामागे कौन्सिलचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आणि युरोपचे पैसे. इन्व्हर्नेसच्या टेबलावर दीडेकशे माणसांच्या एरिस्केचा नंबर कधी लागला असता?

मंदार_इन्व्हर्नेस
मी इन्व्हर्नेसला राहून सांगतो, नसता लागला. हायलँड कौन्सिलचं क्षेत्र बेल्जियमच्या आसपास आहे, त्यांना केथनेस आणि स्काय सांभाळतानाच नाकी नऊ येतात.

बाबुराव७२
मग आता माझा सुधारित प्रश्न. सगळी गोष्ट वाचल्यावर मला वाटतं खरा फरक कौन्सिलने नाही, जमिनीच्या मालकीने पडलाय. कौन्सिल अनुदानावर जगणार, वरून कात्री लागली की इथे शाळा बंद. जमीन ज्याच्या हातात त्याच्या हातात पुढचं सगळं.

जुनीवही
बाबुराव, इथे बरेच लोक तुमच्यासारखंच म्हणतील. २००३ चा जमीन सुधारणा कायदा आला, त्याच वर्षी नॉर्थ हॅरिस लोकांनी विकत घेतलं, २००६ ला साउथ यूइस्टची अख्खी इस्टेट, २००७ ला लुईसच्या उत्तरेची गाल्सन. आज बेटांवरचे बहुसंख्य लोक अशा सामुदायिक मालकीच्या जमिनीवर राहतात. स्टॉर्नोवेजवळ पॉइंट आणि सँडविकच्या लोकांनी स्वतःच्या तीन पवनचक्क्या उभारल्या, ९ मेगावॉट, नफा गावच्या कामांना.

अनुराधा_ग्लासगो
दोन्ही लागतं हो. ट्रस्ट घरासाठी प्लॉट देईल, पण त्या घरातल्या पोराची शाळा कौन्सिल चालवणार. २०२० मध्ये याच कौन्सिलने ठरवलं की पहिलीत येणारं मूल आपोआप गेलिक माध्यमात, इंग्रजी हवं असेल तर पालकांनी तसं सांगायचं. स्कॉटलंडमध्ये असं करणारं हे पहिलं कौन्सिल. असा निर्णय कुठला ट्रस्ट घेऊ शकत नाही आणि बाहेरचं कौन्सिल तर घेणारच नाही.

मंदार_इन्व्हर्नेस
अनुराधा +१. आणि वर आवाज पोचवायलाही कौन्सिलच लागतं. २०१३ ला तिन्ही बेट कौन्सिलांनी एकत्र मोहीम काढली, त्यातून २०१८ चा बेटांचा कायदा झाला. आता सरकारी संस्थांना धोरण आखताना बेटांवर काय परिणाम होईल हे तपासावं लागतं. तीन ट्रस्टांनी मागितलं असतं तर कोणी दार उघडलं असतं?

बाबुराव७२
पटतंय. विलीनीकरण नको, हे मी मान्य करतो. पण मग उलट दिशेने का नाही जात? आरोग्य मंडळाची हद्दही तीच आहे ना? म्हाताऱ्यांची घरी देखभाल कौन्सिलकडे आणि दवाखाना दुसऱ्याकडे, माणूस मात्र एकच. दोन्ही एका संस्थेकडे द्या, वरच्या साहेबांच्या खुर्च्या कमी होतील आणि वाचलेल्या पैशातून देखभाल करणाऱ्या बायांचे पगार वाढवा.

खारेवारे
बाबुराव, हाच विचार इथेही बोलला जातो, सगळ्या बेटांसाठी एकच सार्वजनिक संस्था. मी त्याच्या बाजूचा आहे, एका अटीवर: ती निवडून आलेल्यांच्या हाताखाली असावी. आरोग्य मंडळावरचे बहुतेक लोक सरकार नेमतं, कौन्सिलर मात्र को-ऑपमध्ये दूध घेताना भेटतो आणि त्याला तिथेच जाब विचारता येतो.

चिकू, प्रचि आज रात्री टाकतो. पुळणीवरच्या विमानाचे मात्र अनुराधाकडून मागा.